जुन्या बुलेट-यझदीचा सेल्फ आणि चार्जिंग: पार्ट बदलण्याआधी वायरिंग कशी तपासायची

मे महिन्याची दुपार. टिनाच्या शेडखाली बुलेट उभी आहे. चावी फिरवली, दिवा लागला, हॉर्नही वाजला. सेल्फ दाबला तर सीटखाली नुसतं 'टक्'. बॅटरी गेली म्हणून नवी आणली जाते, दोन दिवस गाडी चालते, पुन्हा तेच. मग रिले (बटणाच्या हुकमावर मोटरला जाड करंट जोडणारा स्विच) बदलला जातो, मग मोटर उघडली जाते. सहा-सात हजार रुपये गेल्यावर सापडतं ते हे: इंजिनच्या बोल्टला लावलेल्या अर्थिंगच्या वायरखाली रंगाचा थर होता आणि त्यावर गंज.

हा लेख नुकतीच जुनी गाडी घेतलेल्यांसाठी किंवा आजोबांची गाडी गोठ्यातून बाहेर काढलेल्यांसाठी आहे. गावात ऑटो-इलेक्ट्रिशियन नसतो. तालुक्याला न्यायची तर गाडी पिकअपमध्ये टाकावी लागते आणि तिथेही बऱ्याचदा "बदलून पाहू" हाच इलाज असतो. घरच्या घरी, तीन-चारशे रुपयांच्या मीटरने, दोष नेमका कुठे आहे हे शोधता येतं. अट एकच: करंट वाहत असताना मोजायचं. बंद गाडीत एकाच तारेवर टिकलेली वायरही मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. ती खोटं बोलते असं नाही, तिच्यावर भारच नसतो.

१. आधी गाडी ओळखा

काहीही जोडण्याआधी चार गोष्टींची खात्री करा.

सहा व्होल्ट की बारा? बॅटरीवर किंवा बल्बच्या पितळी टोपीवर लिहिलेलं असतं. दोन्हीकडे बघा, कारण अर्धवट बदललेल्या गाड्या खूप फिरतात.

डायनामो की अल्टरनेटर? मैसूरच्या जुन्या जावा-यझदीला क्रँकच्या उजव्या टोकाला कार्बन (ब्रश) आणि आर्मेचरवाला (फिरणाऱ्या कॉइलचा) डायनामो असतो. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे आज हातात येणारी जुनी यझदी बहुधा अनेक हातांतून गेलेली असते. बारा व्होल्टच्या बुलेटला डाव्या बाजूच्या चेनकव्हरमध्ये, ऑइलमध्ये बसलेला अल्टरनेटर असतो. त्यात कार्बन नसतात, चुंबक फिरतो.

किक की सेल्फ? लोखंडी इंजिनच्या बुलेटला कंपनीचा सेल्फ २००० नंतरच्या काळात मिळू लागला. त्याआधीच्या गाडीला सेल्फ दिसला तर तो नंतर बसवलेला आहे. मग तिथली वायर कुठून कुठे गेली आहे हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला? बारा व्होल्टच्या बुलेटला मायनस असतं. बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन अशा लुकास कंपनीच्या वायरिंगच्या जुन्या ब्रिटिश गाड्यांना मात्र बहुधा प्लस बॉडीला असतं. अंदाजाने उलटी बॅटरी जोडली तर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) त्याच क्षणी जातो. जुनी बॅटरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वायरच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. वीस-तीस वर्षांत ज्याच्या हाताला जो रंग लागला तो त्याने जोडला असतो. वायर दोन्ही टोकांपर्यंत हाताने शोधायची.

२. सामान

* डिजिटल मल्टिमीटर. १० अँपिअरचं वेगळं भोक असलेला घ्या.
* टेस्ट लॅम्प: इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन हातभर वायर. एका टोकाला क्रोकोडाइल क्लिप.
* हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) आणि डिस्टिल्ड वॉटर.
* तारेचा ब्रश, १२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर.
* पाने, फीलर गेज, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) दाबायचा क्रिंपिंग पाना, हीट-श्रिंक स्लिव्ह.
* जाड वायर, पाच-सहा थिंबल, १५ अँपिअरचे दोन-तीन फ्यूज.
* पेट्रोलियम जेली.
* गाडीचा वायरिंगचा नकाशा. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर असतो. नसेल तर वहीत हाताने काढा, वेळ वाया जात नाही.

मोटारपंपाचा वायरमन खिशात जो निऑन टेस्टर ठेवतो तो इथे चालत नाही. तो २३० व्होल्टच्या एसीसाठी असतो, १२ व्होल्टवर पेटतच नाही. "टेस्टर लागत नाही म्हणजे वायरीत करंट नाही" असं समजून चांगला हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) कापलेला आहे, तेव्हा तो बाजूला ठेवा.

३. बॅटरी

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चावी न लावता बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर मोजा. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उरली. १२ च्या खाली गेली की सेल्फसाठी तिचा उपयोग नाही. सहा व्होल्टची भरलेली बॅटरी ६.३ ते ६.४ दाखवते.

झाकणं उघडता येत असतील तर हायड्रोमीटर जास्त खरं सांगतो. भरलेल्या बॅटरीच्या प्रत्येक खान्यात १२५० ते १२८० यायला हवं. पाच खाने १२५० आणि एकच ११५० असेल तर तो खाना गेला. कितीही चार्ज करा, ती बॅटरी सेल्फच्या वेळी बसणारच.

आपल्याकडे एप्रिल ते जून पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या शेडमध्ये तर त्याहून जास्त. पाणी फार लवकर उडतं. या तीन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी पातळी बघा आणि दोन रेषांच्या मध्ये ठेवा. फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. बोअरचं पाणी नको, आरओचंही नको, त्यात क्षार उरतात. आणि ॲसिड तर कधीच नको, कारण उडालेलं असतं ते पाणी.

चार्जिंगला लावताना बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या एक दशांश करंट द्या. सेल्फवाल्या बुलेटची बॅटरी साधारण १४ अँपिअर-तासांची असते, म्हणजे १.४ अँपिअर, दहा-बारा तास. घरच्या इन्व्हर्टरला जोडून भरायचा मोह होतो, पण तो दहा-पंधरा अँपिअर ढकलतो. एवढ्या छोट्या बॅटरीतलं पाणी उकळतं आणि पत्रे वाकतात. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा खोलीत बिडी-काडी नको.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी सुरू करण्याबद्दल: सहा व्होल्टच्या गाडीला हे अजिबात करू नका, बल्ब आणि कॉइल दोन्ही जातील. बारा व्होल्टच्या गाडीला चालतं, पण ट्रॅक्टरचं इंजिन बंद ठेवून. प्लसला प्लस, आणि मायनसची वायर गाडीच्या बॅटरीऐवजी गाडीच्याच इंजिनच्या उघड्या धातूला.

मायनस अर्थिंगच्या गाडीची बॅटरी काढताना आधी मायनस, बसवताना शेवटी मायनस. नाहीतर प्लसवरचा पाना फ्रेमला टेकला की वेल्डिंगसारखी ठिणगी उडते.

४. अर्थिंग

सेल्फला प्लसच्या वायरने जेवढा करंट जातो तेवढाच बॉडीतून परत यावा लागतो. लोक प्लसची वायर जाड टाकतात आणि परतीची वाट विसरतात.

नव्याने रंगवून, पावडर कोटिंग करून "रिस्टोअर" केलेल्या गाड्यांत हा दोष सगळ्यात जास्त सापडतो. पावडर कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकचा थर. फ्रेम, इंजिनचे माउंटिंग आणि रेग्युलेटरची (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) जागा, तिन्हीकडे करंट अडतो. गाडी दिसायला देखणी आणि सेल्फ मेलेला.

बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या बोल्टपर्यंत एक जाड वायर टाका. सेल्फच्या प्लस वायरएवढीच जाड, म्हणजे १० ते १६ चौरस मिलिमीटर. फ्रेमला वेगळी पातळ वायर द्या. जिथे थिंबल बसतं तिथला रंग नाण्याएवढ्या जागेत धातू चमकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. सेल्फ मोटरही आपल्या बॉडीतूनच अर्थिंग घेते, म्हणून ती इंजिनवर जिथे टेकते ते तोंडही साफ हवं.

खताची पोती वाहणाऱ्या गाड्यांकडे जास्त लक्ष द्या. युरिया-डीएपीची धूळ ओलाव्यात मिसळून तांब्यावर बसते आणि हिरवी बुरशी आल्यासारखं दिसतं. तो थर वायरीच्या आवरणाखाली बोटभर आतपर्यंत जातो. तिथे नुसतं घासून भागत नाही. चमकदार तांबं लागेपर्यंत वायर कापायची.

५. सेल्फ दाबल्यावर काय होतं ते ऐका

*काहीच आवाज नाही.* रिलेपर्यंत हुकूमच पोचत नाही. फ्यूज, चावीचा स्विच, सेल्फचं बटण, आणि असेल तर क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच, या क्रमाने टेस्ट लॅम्प लावत जा. बटणाच्या आतली पितळी पट्टी काळी पडणं हे नेहमीचं. विहिरीवर पाइप धरून गाडी धुणाऱ्यांच्या बटणात तर पाणीच निघतं.

*एक 'टक्' आणि शांत.* रिले ओढतोय, पण जाड वाटेवर करंट अडतोय. पुढची पायरी यासाठीच आहे.

*'टक-टक-टक-टक' भराभर.* बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. रिले ओढतो, व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, व्होल्टेज चढतं, पुन्हा ओढतो.

*मोटर 'घुंई' करून फिरते, इंजिन फिरत नाही.* हा वायरिंगचा दोष नाही. मोटर आणि क्रँकच्या मधलं स्प्राग बेअरिंग (एकाच दिशेने पकड घेणारं) घसरतंय. उतरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारत राहिल्याने ते जातं: पिस्टन वरपर्यंत पोचत नाही, स्पार्क पडतो, इंजिन उलटा झटका देतं आणि तो झटका स्प्रागवर बसतो. त्यामुळे सेल्फ जड वाटला की हट्ट सोडा आणि किक मारा. स्प्राग बदलायला चेनकव्हर उघडावं लागतं आणि खर्च बॅटरीपेक्षा जास्त होतो. स्पार्कचं टायमिंग जास्त आगाऊ असलं तरी हेच घडतं.

*सेल्फ सोडला तरी मोटर फिरत राहते.* रिलेचे आतले संपर्क चिकटले. लगेच बॅटरीची मायनस काढा. वाट बघितली तर वायर लाल होते. मायनस काढताना सोपं जावं म्हणून बॅटरीच्या कव्हरमागे एक १० नंबरचा पाना कायम ठेवा.

६. व्होल्टेज ड्रॉप मोजणं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, सावकाश करा.

सेल्फ मोटर जोर लावताना शंभर अँपिअरच्या घरात करंट ओढते. एखाद्या जोडात ०.०३ ओहम एवढाच अडथळा असला तरी १०० गुणिले ०.०३, म्हणजे ३ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. यालाच व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. मोटरला १२ ऐवजी ९ पोचतात, तेही बॅटरी बसली नाही तर. मीटरच्या ओहमच्या स्केलवर ०.०३ ओहम दिसतच नाही, म्हणून ओहम तपासून जोड "पास" होतो आणि गाडी तशीच राहते.

तयारी: गाडी न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर. पॉइंटच्या गाडीत इग्निशन कॉइलला जाणारी पातळ वायर काढा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. सीडीआयच्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डब्याने स्पार्क पाडणाऱ्या) गाडीत प्लग बाहेर काढला तर तो कॅपमध्ये घालून इंजिनच्या धातूला टेकवा आणि प्लगच्या भोकापासून लांब ठेवा. कॅप लोंबकळत ठेवून सेल्फ मारला तर सीडीआय जाऊ शकतो. मदतीला एक माणूस घ्या. तो तीन सेकंद सेल्फ दाबेल, तुम्ही वाचाल. दोन वेळांमध्ये अर्धा मिनिट थांबा, मोटरला थंड व्हायला वेळ लागतो.

पहिलं माप: मीटरची टोकं बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. सेल्फ दाबल्यावर १० च्या वर राहिलं तर बॅटरी ठीक. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर आहे किंवा मोटर आत जाम आहे. आधी चांगली भरलेली दुसरी बॅटरी लावून बघा.

दुसरं माप, परतीची वाट: एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या बोल्टवर. सेल्फ दाबल्यावर ०.२ पेक्षा जास्त नको. इथे १ किंवा २ व्होल्ट दिसले तर चौथ्या पायरीकडे परत जा.

तिसरं माप, जाणारी वाट: एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरं सेल्फ मोटरच्या स्क्रूवर. सेल्फ दाबलेला नसताना इथे पूर्ण १२ दिसेल, घाबरू नका. दाबल्यावर ०.५ च्या आत यायला हवं.

तिसरं माप जास्त आलं तर वाटेचे तुकडे करा. खुंटी ते तिच्यावरचं थिंबल. थिंबल ते रिलेचा पहिला नट. रिलेच्या पहिल्या नटापासून दुसऱ्या नटापर्यंत. दुसरा नट ते मोटर. चांगल्या जोडावर ०.१ च्या आत, रिलेवर ०.२ ते ०.३ च्या आत. ज्या तुकड्यावर आकडा उडी मारेल तिथेच दोष आहे, बाकी कशाला हात लावायची गरज नाही.

खुंटी आणि थिंबल वेगवेगळे मोजायचे, यावर भर देतोय कारण नवखा माणूस मीटरचं टोक थिंबलवर टेकवतो. मग खुंटी आणि थिंबलच्या मधला पांढरा थर मापातच येत नाही. टोक शिशाच्या खुंटीच्या मध्यावर टोचा.

रिलेवर शंका असेल तर जाड, आवरण असलेल्या वायरीने त्याचे दोन जाड नट क्षणभर जोडा. मोटर जोरात फिरली तर रिले गेलेला आहे. ठिणगी उडते, म्हणून पेट्रोलचा पाइप गळत असेल तर आधी तो नीट करा.

तिन्ही मापं चांगली आली, बॅटरी १० च्या वर राहिली आणि तरीही मोटर फिरत नाही, तेव्हाच मोटर उघडा. आत कार्बन झिजलेले किंवा काळ्या भुकटीने अडकलेले सापडतील.

७. अल्टरनेटरच्या गाडीचं चार्जिंग

भरलेली बॅटरी लावा, गाडी सुरू करा, मीटर बॅटरीवर धरा. मध्यम वेगाला, म्हणजे रस्त्यावर ४० च्या आसपास चालताना इंजिन जेवढं फिरतं तेवढ्यावर, १३.८ ते १४.५ दिसायला हवं. दिवे लावल्यावर १३ च्या खाली जाऊ नये. बुलेटच्या हेडलाइटच्या टोपावरचा अँपमीटरही तेच सांगतो: दिवे लावून रस्त्यावर चालताना काटा मधोमध किंवा जरासा चार्जच्या बाजूला.

एक सवय लगेच सोडा. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "गाडी बंद पडत नाही, म्हणजे चार्जिंग आहे" असं तपासणारे अजूनही आहेत. बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर, बल्ब, सीडीआय यांपैकी काहीतरी जातं. कॅरिअरला किंवा स्टँडला वेल्डिंग करायचं असलं तरी बॅटरी आणि रेग्युलेटरचं कपलर दोन्ही आधी काढा.

आकडा १२.६ वरच अडकला तर स्टेटरपासून (अल्टरनेटरची न फिरणारी कॉइल) सुरुवात करा. चेनकव्हरमधून येणाऱ्या वायरींचं कपलर सोडा. मीटर एसी व्होल्टवर. चार्जिंगच्या दोन वायरींमध्ये धरून इंजिनचा वेग वाढवा. आकडा वेगाबरोबर सरळ चढत १४ च्या बराच वर गेला पाहिजे. चढत नसेल तर इंजिन बंद करून ओहम बघा. दोन वायरींमध्ये एखादा ओहम, म्हणजे जवळजवळ शून्य. (आधी मीटरची टोकं एकमेकांना लावून मीटरचा स्वतःचा आकडा बघा आणि तो वजा करा.) कोणतीही वायर ते इंजिनची बॉडी यांच्यात मात्र जोड अजिबात दिसता कामा नये. तिथे काहीही आकडा आला तर कॉइल बॉडीला लागली.

चेनकव्हर उघडलंच तर दोन गोष्टी नक्की बघा. स्टेटरची वायर चेनला घासते का, आणि चुंबक व स्टेटरमधली फट सगळीकडे सारखी आहे का. फीलर गेजचं ०.२ मिलिमीटरचं पातं सर्व बाजूंनी फिरलं पाहिजे. एका बाजूला चमकदार घासल्याची खूण दिसली तर चुंबक स्टेटरला लागतोय.

काही बुलेटना हेडलाइट थेट एसीवर असतो. ओळख सोपी: इंजिन बंद असताना हॉर्न-इंडिकेटर चालतात पण हेडलाइट लागत नाही. अशा गाडीत हेडलाइट मंद असणं आणि बॅटरी न भरणं हे दोन वेगळे आजार आहेत, एकाचा इलाज दुसऱ्यावर करू नका.

स्टेटर चांगला, तरी बॅटरी भरत नाही, तर रेग्युलेटर आणि त्याची वाट. इथेही पार्ट आणायला धावण्याआधी ड्रॉप मोजा. मध्यम वेग, दिवे चालू: रेग्युलेटरची प्लस वायर ते बॅटरीची प्लस खुंटी ०.३ च्या आत, रेग्युलेटरची बॉडी ते बॅटरीची मायनस खुंटी ०.१ च्या आत. रंगावर बसवलेला रेग्युलेटर इथे पकडला जातो.

उलट, आकडा १५ च्या वर जात असेल तर बॅटरीचं पाणी झपाट्याने उतरतं, ॲसिडचा वास येतो, बल्ब वारंवार उडतात. बॅटरीच्या दोन्ही खुंट्या साफ असतील तर रेग्युलेटरच बदला.

आणि मागणी किती आहे याचा हिशेब करा. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ६० वॅटचा हेडलाइट १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. वावरातल्या रस्त्यासाठी कोणी १०० वॅटचा बल्ब लावला की ८.३ अँपिअर, तेही जुन्या स्विचमधून. स्विच वितळतो आणि बॅटरी रोज थोडी थोडी उतरते. असा बल्ब कंपनीच्या वॅटवर परत आणा.

८. यझदीचा डायनामो

या डायनामोला लोक उगाच नावं ठेवतात. तो साफ ठेवला तर वर्षानुवर्षं चालतो.

लाल चार्जिंग दिवाच अर्धं निदान करतो. चावी लावल्यावर दिवा लागत नाही: बल्ब गेला, किंवा कार्बन आर्मेचरला टेकत नाहीत, कारण त्या दिव्याचा करंट आर्मेचरमधूनच बॉडीला जातो. गाडी पळवली तरी दिवा विझत नाही: डायनामो वीज करत नाही. वेगात दिवा अंधुक लुकलुकत राहतो: कटआउटचे (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा रिले) पॉइंट काळे पडले आहेत.

कामाआधी बॅटरी सोडा. उजवं कव्हर काढा. कार्बन आपल्या घरात सहज सरकले पाहिजेत आणि स्प्रिंगचा दाब जाणवला पाहिजे. आर्मेचरच्या टोकाचं तांबं काळं असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी धरून ते फिरवत साफ करा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण वीज वाहतात आणि तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात. पट्ट्यांमधल्या खाचा हॅकसॉच्या घासलेल्या तुकड्याने मोकळ्या करा, तिथला अभ्रक तांब्याच्या किंचित खाली हवा. कोरड्या कापडाने पुसा. ऑइल सील गळत असेल तर हे सगळं महिनाभरात पुन्हा करावं लागेल, म्हणून सील आधी.

कटआउटचे संपर्क साफ करताना स्प्रिंग वाकवू नका. ते चिकटलं तर गाडी बंद असताना बॅटरी डायनामोमध्ये रिकामी होते आणि डायनामो हाताला चटका बसेल एवढा तापतो. सहा व्होल्टच्या गाडीचं माप मध्यम वेगाला ७ ते ७.४ च्या दरम्यान हवं. सहा व्होल्टवर ३५ वॅटचा बल्ब जवळपास ६ अँपिअर ओढतो, बारा व्होल्टच्या गाडीच्या दुप्पट, म्हणून इथे पातळ वायर अजिबात चालत नाही.

९. उभ्या गाडीत बॅटरी उतरते

चावी बंद. बॅटरीची मायनस सोडा आणि मीटर, १० अँपिअरच्या भोकात वायर घालून, खुंटी आणि सुटलेल्या थिंबलच्या मध्ये लावा. या वेळी सेल्फ चुकूनही दाबू नका, मीटर जळेल. जुन्या गाडीत आकडा शून्यच यायला हवा. ०.०५ अँपिअर दिसले तर क्षुल्लक वाटतात, पण दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. १४ ची बॅटरी बारा दिवसांत रिकामी, ५ ची चार दिवसांत.

आता एकेक गोष्ट सोडून आकडा कधी शून्य होतो ते बघा: ब्रेकलाइटचा स्विच, नंतर बसवलेला मोबाइल चार्जर, रेग्युलेटरचं कपलर, कटआउट. रेग्युलेटरचं कपलर काढताच शून्य झाला तर आतला डायोड गळतोय.

१०. वायर बदलताना

सगळ्यात जास्त तुटते ती हँडलपाशी. हार्नेस तिथे रोज वळतो आणि आवरण शाबूत असताना आतली तार तुटते. टेस्ट लॅम्प लावून हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा, लॅम्प लुकलुकला तर तिथेच. दुसरी जागा सीटखाली. गोठ्यात, कापसाच्या आणि धान्याच्या शेजारी उभ्या गाडीत उंदीर आवरण कुरतडतात. त्या उघड्या तारा फ्रेमला टेकल्या की फ्यूज जातो.

चार्जिंगची मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटर, दिव्यांच्या १ ते १.५. घरच्या फिटिंगची एका कांडीची वायर नको, थरथरीने ती मोडते. अनेक तारांची लवचिक वायर घ्या. जोड पिळून काळी टेप गुंडाळू नका. आपल्या उन्हात तिचा गोंद वितळतो, त्यावर फुफाटा बसतो आणि टेप सुटते. क्रिंप करा, वरून हीट-श्रिंक स्लिव्ह.

फ्यूज उडाला तर त्यावर तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चमकी कागद गुंडाळू नका. पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी हार्नेस जळतो, तोही पेट्रोलच्या टाकीखाली. नवा फ्यूज लगेच उडाला तर फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प लावा आणि वायरी एकेक सोडत जा. लॅम्प ज्या वायरीला विझेल ती बॉडीला लागलेली.

११. आकडे लिहून ठेवा

काम झाल्यावर सहा मापं एका कागदावर तारखेसह लिहा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टूलबॉक्समध्ये ठेवा: उभ्या बॅटरीचं व्होल्टेज, सेल्फ मारताना बॅटरीचं, मायनस बाजूचा ड्रॉप, प्लस बाजूचा ड्रॉप, मध्यम वेगाचं चार्जिंग, आणि चावी बंद असतानाची गळती. पावसाळा सरला की दिवाळीच्या आसपास तीच मापं पुन्हा घ्या. मायनस बाजूचा ०.१ चा ०.४ झाला असेल तर सेल्फ अजून फिरत असला तरी तो जोड त्याच दिवशी उघडून घासा.